बोअरचं पाणी आटलं? रसायन ओतण्याआधी आणि ओतताना

मार्च उजाडला की डिचोली-सत्तरीपासून काणकोणपर्यंत एकच प्रश्न ऐकू येतो: बोअर पाच वर्षांपूर्वी चांगलं चालायचं, आता अर्ध्या तासात हवा ओढतं, ॲसिड टाकून बघू का? टाकायला हरकत नाही, पण आधी बोअरमध्ये नेमकं काय तुंबलंय हे कळायला हवं. गोव्यातल्या बहुतेक बोअरना नुसत्या ॲसिडने फरक पडत नाही, त्याचं कारण आपल्या खडकात आहे.

ॲसिडची कल्पना मुळात तेलक्षेत्रातली. हायड्रोक्लोरिक ॲसिड वापरून तेलविहीर मोकळी करण्याचं पेटंट हर्मन फ्रॅश यांना अमेरिकेत 1896 साली मिळालं. पण ॲसिड खडकाबरोबर लोखंडी पाइपही खात असे, म्हणून पद्धत मागे पडली. 1932 साली डाऊ केमिकलने मिशिगनमध्ये ॲसिडात गंजरोधक मिसळून ती पुन्हा सुरू केली आणि तेव्हापासून ती जगभर चालते. तिथे ती लागू पडते, कारण खडकच चुन्याचा असतो. 15 टक्क्यांचं एक घनमीटर हायड्रोक्लोरिक ॲसिड सुमारे 220 किलो चुनखडक विरघळवतं आणि घट्ट खडकात तेलाला वाट होते. आपल्या किनाऱ्यापासून उत्तरेला समुद्रात असलेल्या मुंबई हायमधलं तेलही मुख्यतः चुनखडकातच आहे. वालुकाश्म असला तर तेलवाले त्यात हायड्रोफ्लोरिक ॲसिड मिसळतात. ते कातडीतून हाडापर्यंत पोचतं आणि जीव घेतं. पाण्याच्या बोअरजवळ ते कोणीही, कोणत्याही कारणासाठी आणू नये.

गोव्यात वर जांभा, म्हणजे आपला चिरा. त्याच्याखाली शेडी, ती पांढरट-जांभळट चिकणमाती. त्याखाली ग्रेवॅक, फिलाइट, शिस्ट यांसारखे कठीण थर, काणकोणकडे ग्रॅनाइट आणि नाइस. यांत चुना जवळजवळ नाही. पाणी येतं ते भेगांतून, आणि त्या भेगा बुजतात लोहाच्या लगद्याने किंवा शेडीच्या गाळाने. आपलं पाणी बहुतेक ठिकाणी मऊ आणि किंचित आम्लधर्मी असल्यामुळे पांढरी कडक खपली क्वचितच धरते. म्हणून इथे पहिलं औषध क्लोरीन आणि ब्रश, दुसरं हवेचा दाब, आणि ॲसिडचा नंबर त्यानंतर.

आधी मोजमाप

पंप बंद ठेवून रात्र जाऊ द्या आणि सकाळी पाण्याची पातळी मोजा. बोअरमध्ये पंपाचं पाणी वर आणणाऱ्या कॉलम पाइपच्या बाजूने पाऊण इंची पीव्हीसी नळी सोडलेली असेल तर मोजपट्टी अडकत नाही. नसेल तर या वेळी पंप परत उतरवताना ती बांधून टाका. मग पंप सुरू करा, 200 लिटरचं पिंप किती वेळात भरतं ते घड्याळ लावून बघा आणि तासाभराने पातळी पुन्हा मोजा. पिंप पाच मिनिटांत भरलं म्हणजे ताशी 2,400 लिटर. तेवढ्यात पातळी 12 मीटर उतरली असेल, तर बोअर दर मीटर उताराला ताशी 200 लिटर देतंय. हाच आकडा जपायचा. नुसतं ‘पाणी कमी झालं’ म्हटल्याने काही कळत नाही.

या मोजणीतून निम्मं निदान होतं. पाणी कमी येतंय पण पातळी फारशी खाली जात नाही, तर दोष बोअरचा नाही: पंपाचे इंपेलर (पाणी ढकलणारी चाकं) झिजलेत, कॉलम पाइपला भोक पडलंय किंवा व्होल्टेज कमी आहे. अशा बोअरमध्ये हजारो रुपयांचं रसायन फुकट जातं. पंप बंद असतानाचीच पातळी गेल्या वर्षी याच महिन्यापेक्षा बरीच खाली असेल, तर भूजलच उतरलंय, तेही रसायनाने भरून येत नाही. पण सकाळची पातळी पूर्वीसारखीच आहे आणि पंप लावताच ती धडाधड खाली जाते, तर भेगा किंवा केसिंगची, म्हणजे बोअरची भिंत धरून ठेवणाऱ्या पाइपची, भोकं बुजलीत. आपलं काम इथून सुरू होतं. मूळ आकड्याच्या चौथाई घट दिसली की हात घालावा. निम्म्याच्या खाली गेल्यावर लगदा भेगांत खोल बसतो आणि पूर्वीचं पाणी क्वचितच परत येतं.

तुलना नेहमी त्याच महिन्याशी करा. इथे पावसाळ्यात सरासरी 3,000 मिलिमीटर पाऊस पडतो आणि जांभ्यातलं पाणी चतुर्थीनंतर भराभर ओसरतं. ऑगस्टचा आकडा मेच्या आकड्याशेजारी ठेवला तर कोणतंही बोअर बिघडलेलंच दिसेल.

काय तुंबलंय ते ओळखा

पंप वर काढला की घाईने धुऊ नका, आधी नीट बघा. जाळीवर आणि पाइपवर भगवा-तपकिरी बुळबुळीत थर आहे, बोटाने ओढला तर शेंबडासारखी तार येते आणि वास दलदलीचा आहे, तर तो लोहजिवाणूंचा लगदा. हे जिवाणू पाण्यात विरघळलेलं लोह पकडून त्याचा गंज करतात आणि स्वतःभोवती चिकट वेष्टण बांधतात. संडासच्या फ्लश टाकीत हाच भगवा थर दिसतो. भरलेल्या बादलीवर रात्रभरात तेलासारखा रंगीत तवंग येतो, त्याला काडी लावा. तवंग काचेसारखा तुकड्यांत फुटला आणि तुकडे वेगळे राहिले, तर तो लोहाचा. काडीमागे पुन्हा जुळून आला, तर ते खरंच तेल आहे. पंपाचं ऑइल सील तपासा.

कडक खपली निघाली तर खडीएवढा तुकडा काचेच्या ग्लासात घालून वर व्हिनेगर ओता. बुडबुडे उठले तर चुना. बुडबुडे न येता पाणी हळूहळू पिवळं पडलं तर लोह.

तिसरा प्रकार गाळाचा. पंप सुरू केल्यावर पहिली काही मिनिटं पाणी दुधट किंवा तांबूस येतं, बाटलीत ठेवलं तर तळाशी चिखल बसतो. हे दर वेळी घडत असेल, तर बहुतेकदा केसिंग कठीण खडकात नीट रुतलेलं नसतं आणि त्याच्या बुडाखालून शेडी आत येते. यावर उपाय आतून लहान व्यासाचा लायनर पाइप आणि योग्य जागी सील हाच. गाळ सुटा करणारं रसायन अशा बोअरमध्ये टाकलं तर भिंतीच ढासळतात आणि होतं तेही पाणी जातं. डिचोली-सांग्याच्या खाणपट्ट्यात हा प्रकार हमखास भेटतो.

क्लोरीनचा डोस

हे काम नोव्हेंबर-डिसेंबरात करावं. पाऊस थांबलेला असतो, पातळी चांगली असते आणि फायदा पुढच्या मेपर्यंत मिळतो. पावसाळ्यात केलं तर जांभ्यातून रसायन शेजाऱ्याच्या विहिरीत पोचायला वेळ लागत नाही. तशीही शेजारच्या घरांना आधी कल्पना द्या आणि त्या दोन-तीन दिवसांचं पिण्याचं पाणी भरून ठेवायला सांगा.

पंप, केबल, कॉलम पाइप सगळं बाहेर काढा. बोअरच्या व्यासापेक्षा किंचित मोठा नायलॉनचा ब्रश दोरीला वजन बांधून केसिंगच्या पूर्ण लांबीत वर-खाली फिरवा, मग कंप्रेसरने फ्लश करा. पाण्याखाली दर 10 मीटरला साधारण एक बार दाब लागतो, म्हणून 7 बारचा कंप्रेसर 50-60 मीटर बुडालेल्या नळीला पुरतो. हा टप्पा लोक टाळतात आणि मग क्लोरीन चाललं नाही म्हणतात. क्लोरीन लगद्याच्या वरच्या पापुद्र्यातच संपतं, आतले जिवाणू जिवंत राहतात आणि थोड्याच दिवसांत थर पूर्ववत होतो.

आता हिशेब. साडेसहा इंची बोअरमध्ये दर मीटरला 21.4 लिटर पाणी मावतं, साडेचार इंचीत सुमारे 10. बोअर 60 मीटर खोल, पाणी 8 मीटरवर, म्हणजे 52 मीटरचा स्तंभ, सुमारे 1,100 लिटर. भेगांत शिरायला तेवढंच आणखी धरा, एकूण 2,200 लिटर. लोहजिवाणूंसाठी लिटरला 500 मिलिग्रॅम क्लोरीन घेतलं तर लागतं 1,100 ग्रॅम. 10 टक्क्यांचं सोडियम हायपोक्लोराइट असेल तर ते 11 लिटर होतं. ब्लीचिंग पावडर ताजी आणि 30 टक्क्यांची असेल तर पावणेचार किलोच्या आसपास. साध्या निर्जंतुकीकरणाला लिटरला 50 ते 100 मिलिग्रॅम पुरतं. 500 च्या वर मात्र जाऊ नका: हायपोक्लोराइट स्वतः अल्कधर्मी असतं, जास्त घातलं की पाण्याचा सामू (पीएच) वर चढतो आणि क्लोरीनची मारक शक्ती उलट घटते. आपलं पाणी किंचित आम्लधर्मी असल्याचा इथे फायदाच होतो.

शक्यतो द्रव हायपोक्लोराइटच घ्या. पावडरमध्ये चुन्याचा न विरघळणारा साका असतो, तो भेगांत जाऊन बसला तर एक तुंबणं काढून दुसरं घातल्यासारखं होतं. पावडरच मिळाली तर पिंपात कालवून अर्धा तास निवळू द्या आणि फक्त वरचं पाणी वापरा. गोव्याच्या दमट हवेत उघडी पिशवी महिन्याभरात बरीच उतरते, द्रवही उन्हात उतरतो. दुकानातून घेताना उत्पादनाची तारीख बघाच.

बोअरच्या तोंडातून ओतलं तर सगळं वरच राहतं. 25 मिलिमीटरचा एचडीपीई पाइप तळापर्यंत सोडा, अर्धा डोस त्यातून ओतत पाइप हळूहळू वर घ्या. उरलेला अर्धा डोस टाकीतल्या 1,100 लिटर पाण्यात मिसळून तो भेगांत ढकलायचा. इथे घाई नडते. घट्ट खडक पाणी जसं सावकाश देतो तसंच सावकाश घेतो, आणि केसिंगमध्ये पातळीच्या वरची जागा आपल्या उदाहरणात जेमतेम 170 लिटरची आहे. पातळी तोंडाशी आली की थांबा, उतरू द्या, पुन्हा ओता. टाकी रिकामी व्हायला दिवसाचे तीन-चार तास लागले तर लागू द्यावेत. एक तासभर ओतून पातळी जराही उतरली नाही, तर भेगा अजून बंद आहेत. परत ब्रश आणि हवा.

12 ते 24 तास ठेवा. मध्ये दर दोन-तीन तासांनी रबरी चकत्यांचा सर्ज ब्लॉक, म्हणजे पाणी घुसळणारा दट्ट्या, केसिंगच्या भागात दहा मिनिटं वर-खाली करा, प्रत्येक हेलकावा मीटरभराचा. चकती बोअरपेक्षा दोन-अडीच सेंटिमीटर लहान असावी, घट्ट बसणारी चकती केसिंग फोडू शकते. उघड्या खडकात ब्लॉक नेऊ नका, दगड सुटून अडकतो. नुसतं भिजवत ठेवण्यापेक्षा हे हलवणं निम्म्याहून जास्त काम करतं.

मधल्या वेळात पंप आणि पाइप घासून क्लोरीनच्या सौम्य पाण्याने पुसा आणि लगेच धुवा. मळका पंप परत उतरवला की जिवाणू पुन्हा आत गेलेच.

बाहेर काढताना प्रथम कंप्रेसरने, आणि पाणी निवळल्यावरच पंपाने. पहिलं पाणी चहासारखं तपकिरी येईल, त्यात लगद्याच्या चिंध्या दिसतील. हे चांगलं लक्षण. ते पाणी कुळागरातल्या (सुपारीच्या बागेतल्या) पाटात, तळ्यात किंवा सेप्टिक टँकमध्ये सोडू नका. क्लोरीन मासे मारतं आणि सेप्टिकमधले उपयोगी जिवाणूही. मोकळ्या जागी खड्ड्यात घ्या, ऊन लागलं की क्लोरीन दोन दिवसांत उडतं. पोहण्याच्या तलावाचं टेस्ट किट लावून क्लोरीन संपल्याची खात्री करा. लगदा जाड असेल तर सगळा क्रम आठवड्याने पुन्हा करावा लागतो. एकाच वेळी दुप्पट डोस देऊन तो परिणाम मिळत नाही.

ॲसिड कधी आणि किती

ब्रश आणि क्लोरीननंतरही कडक खपली राहिली तरच. हायड्रोक्लोरिकऐवजी सल्फॅमिक ॲसिड घ्या: पावडर असते, धूर येत नाही, नेणं-आणणं सोपं. एक किलो सल्फॅमिक सुमारे अर्धा किलो चुना विरघळवतं. लोहाच्या खपलीवर ते एकटं सुस्त असतं, म्हणून सोबत त्याच्या दहाव्या हिश्शाएवढं सायट्रिक ॲसिड घालतात. त्यामुळे सुटलेलं लोह पाण्यातच धरून राहतं, नाहीतर सामू वर येताच ते पुन्हा भेगांत बसतं. सगळं बोअर भरायची गरज नाही. खपली 20 मीटर लांबीत असेल तर साडेसहा इंचीत 430 लिटर. 5 टक्क्यांच्या हिशेबाने साडेएकवीस किलो सल्फॅमिक, दोन किलो सायट्रिक. केसिंग लोखंडी असेल तर गंजरोधक घातल्याशिवाय करू नका. जस्ताचा मुलामा असलेल्या पाइपवर ॲसिडने हायड्रोजन सुटतो, जवळ विडीसुद्धा नको. पीव्हीसीला काही होत नाही, केसिंगभोवतीच्या सिमेंटला मात्र होतं.

पिंपात आधी पाणी, मग त्यात ॲसिड, उलट कधीच नाही. डोळ्यांवर गॉगल, रबरी हातमोजे, गमबूट, शेजारी स्वच्छ पाण्याचं भरलेलं पिंप. तासातासाने सामू पट्टीने बघा: 3 च्या खाली आहे तोवर ॲसिड काम करतंय, वर गेला म्हणजे संपलं. चार ते सहा तासांत बहुधा संपतंच, त्यापुढे ठेवून काही मिळत नाही. उपसलेलं पाणी खड्ड्यात घेऊन निष्प्रभ करायला दर किलो सल्फॅमिकमागे साधारण 550 ग्रॅम धुण्याचा सोडा लागतो, घातलेलं सगळं ॲसिड शिल्लक आहे असं धरून.

एक गोष्ट काळजावर कोरून ठेवा: क्लोरीन आणि ॲसिड एकत्र येता कामा नये. एकाच पिंपात नाही, एका बोअरमध्ये एका दिवशी नाही. दोन्ही भेटले की विषारी क्लोरीन वायू सुटतो. मध्ये बोअरच्या किमान तीन-चारपट पाणी उपसा आणि किटने खात्री करा. बोअरचं तोंड खड्ड्यात किंवा बंद चेंबरमध्ये असेल तर आत कोणीही वाकायचं नाही. चुन्यावर ॲसिड पडून निघणारा कार्बन डायऑक्साइड हवेपेक्षा जड असतो, तो खड्ड्यातच साचतो आणि माणूस आवाज न करता कोसळतो. त्याला वाचवायला उतरणाराही जातो.

गाळ आणि घट्ट खडक

केसिंग ठीक असूनही भेगांत शेडी बसली असेल तर गाळ सुटा करणारं डिस्पर्संट वापरता येतं. जुन्या पद्धतीत सोडियम हेक्सामेटाफॉस्फेट घालत. गोव्यात ते टाळावं, कारण मागे राहिलेलं फॉस्फेट लोहजिवाणूंचं खाद्य होतं. फॉस्फेटविरहित पॉलिमर मिळतं, डब्यावरचं प्रमाण बघून घाला, बहुधा 1,000 लिटरला 2 लिटरच्या आसपास असतं. रात्रभर ठेवून, हवेने घुसळून, पाणी निवळेपर्यंत उपसा.

भेगाच नसलेल्या खडकात कोणतंही रसायन चालत नाही. नाइस-ग्रॅनाइटमधल्या कोरड्यासारख्या बोअरसाठी हायड्रोफ्रॅक्चरिंग असतं: रबरी पॅकर (बोअर बंद करणारं बूच) बसवून खालच्या भागात जोरदार दाबाने पाणी सोडतात आणि मिटलेल्या भेगा उघडतात. ते यंत्रवाल्यांचं काम. समुद्रकिनारी किंवा मांडवी-जुवारीच्या खारट पट्ट्यात ते करूच नये, खाऱ्या पाण्याला वाट मिळाली तर बोअर कायमचं जातं.

त्याच पट्ट्यात साध्या साफसफाईनंतरही सांभाळावं लागतं. पाणी वाढलं म्हणून मोठा पंप बसवला की खारं पाणी ओढलं जातं. सफाईआधी आणि नंतर पाण्याची विद्युतवाहकता मोजा (खारटपणा वाढला की ती वाढते), आणि ती चढू लागली की उपसा कमी करा. बोअर आणखी खोल करायचं किंवा नवं मारायचं ठरलं तर गोवा भूजल नियमन कायदा, 2002 लागू होतो. मशीन बोलावण्याआधी जलस्रोत खात्याकडे विचारणा करा.

पंप बसवल्यावर आठवडाभर पाणी फक्त बागेला वापरा. नंतर निर्जंतुक बाटलीत नमुना देऊन तपासणी करा. 100 मिलिलिटरमध्ये ई-कोलाय अजिबात नसावेत, तोवर पिण्याला नको. मग पहिल्या दिवसासारखीच मोजणी करा: पिंप, घड्याळ, पातळी. आकडा, तारीख आणि काय किती घातलं ते पंपाच्या स्टार्टर बॉक्सच्या झाकणाला आतून चिकटवलेल्या कागदावर लिहा, वहीत लिहिलेलं सापडत नाही. लोहजिवाणू असलेल्या बोअरला यापुढे दर नोव्हेंबरला लिटरला 50 मिलिग्रॅमचा हलका डोस द्या. वरच्या उदाहरणात 1,100 लिटरला तो 10 टक्क्यांच्या हायपोक्लोराइटचा जेमतेम 550 मिलिलिटर होतो.